एलएसडीत सिंथेटिक गिअर ऑइल चालतं का? आधी प्लेटा का कुंथतात ते बघू

ज्याच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, आहे त्याला कधी ना कधी कोणीतरी सांगतंच, की सिंथेटिक टाकू नकोस, ते फार गुळगुळीत असतं, आतल्या प्लेटा घसरतील आणि एलएसडी असून नसल्यासारखं होईल. मलाही सांगितलं होतं आणि मी बरीच वर्षं ते खरं धरून चाललो. नंतर एकदा स्वतः डिफ उघडून बघितलं, वाचलं, दोन-तीन वेळा ऑइल बदलून फरक अनुभवला, तेव्हा कळलं की प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातोय. सिंथेटिक की मिनरल हे नंतरचं, आधी बघायचं ते हे की आपल्या गाडीत एलएसडी कुठल्या प्रकारचं आहे आणि ऑइलमध्ये त्याला लागणारं ॲडिटिव्ह, म्हणजे वेगळं मिसळलेलं रसायन, आहे की नाही. हे एवढं नीट कळलं की बाकीचा गोंधळ आपोआप मिटतो, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती जास्त याचा अंदाज नसतो. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गाडीने पूर्ण एक गोल मारला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण ९.४ मीटर जास्त चालतं, आणि मजा म्हणजे गोल लहान असो की मोठा, हा आकडा तोच राहतो. यू-टर्न म्हणजे अर्धा गोल, म्हणजे ४.७ मीटर. टायरचा घेर २ मीटरच्या आसपास असतो, तेव्हा एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा दोनाहून जास्त फेरे जादा फिरतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की जोडलेली असती तर एका टायरला घासत जाण्याशिवाय पर्यायच नव्हता. हा फरक पचवायला डिफरन्शियल असतं, त्यातले छोटे गिअर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देतात.

साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलची अडचण ही की ते दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, आणि तो किती हे ठरवतं कमी पकड असलेलं चाक. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला फिरायला काहीच जोर लागत नसेल तर कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच किरकोळ जोर मिळतो. एक चाक गरागरा फिरतंय, दुसरं ढिम्म, गाडी जागच्या जागी. लिमिटेड स्लिप म्हणजे या मोकळेपणाला थोडा लगाम. वळताना फरक होऊ द्यायचा पण एक चाक पूर्ण सुटून पळायला लागलं की दुसऱ्याकडेही जोर पाठवायचा.

आता हा लगाम घालायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि ऑइलचा सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो. जुनी आणि आजही भरपूर दिसणारी पद्धत म्हणजे क्लच प्लेटांची. एकूण लिमिटेड स्लिपचं म्हणाल तर १९३० च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या ग्रां प्री रेसिंग गाड्या डिझाइन केल्या, त्यांना इतकी ताकद होती की वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक नुसतं जागेवर फिरत बसायचं, त्यावर उपाय म्हणून झेडएफ कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवून घेतलं. साध्या लोकांच्या गाड्यांत ते १९५६ च्या सुमारास अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने आणलं. दुसरी पद्धत हेलिकल किंवा वर्म गिअरची, टॉर्सन हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, त्याचं पेटंट व्हर्नन ग्लिझमन यांनी १९५८ मध्ये घेतलं. तिसरी व्हिस्कस, ज्यात बंद डब्यात सिलिकॉनचं दाट द्रव असतं. शिवाय प्लेटांऐवजी शंकूच्या आकाराचे भाग घासणारी कोन पद्धत आहे, तिला ऑइलच्या बाबतीत प्लेटवालीचीच बहीण समजा.

एकाच नावाच्या गाडीतसुद्धा वर्षानुसार प्रकार बदलतो हे लक्षात ठेवा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत १.६ इंजिनच्या सुरुवातीच्या गाड्यांना व्हिस्कस एलएसडी मिळायचं आणि १९९४ च्या मॉडेलपासून १.८ इंजिन आलं तसं टॉर्सन आलं. बाहेरून गाडी तीच, पण ऑइलचा विचार वेगळा. म्हणून "माझ्या मित्राच्या याच गाडीत हे ऑइल मस्त चाललं" यावर जाऊ नका, आपलं मॉडेल वर्ष आणि डिफवरचा टॅग बघा.

प्लेटवाल्याचं आत काय असतं ते नीट डोळ्यापुढे आणा, कारण त्रास देणारं तेच आहे. डिफच्या गोल डब्यात प्रत्येक बाजूला चपट्या रिंगांची एक चवड असते. एक प्लेट कानांनी डब्यात अडकलेली, तिच्यानंतरची दात्यांनी चाकाच्या बाजूच्या गिअरवर बसलेली, पुन्हा पहिलीसारखी, पुन्हा दुसरीसारखी. काहींच्या पृष्ठभागावर बारीक खाचा किंवा फ्रिक्शन मटेरियल असतं. ही चवड स्प्रिंगने सतत दाबलेली असते, आणि इंजिनने जोर लावला की आतले गिअर बाजूला सरकायला बघतात आणि चवड आणखी करकचून दाबतात. गाडी सरळ चालली की प्लेटा एकमेकींबरोबर फिरतात, काही घासत नाही. वळलात की घासायला लागतात.

आणि किती हळू घासतात ते बघा. यू-टर्नमध्ये दोन चाकांत साधारण सव्वादोन-अडीच फेऱ्यांचा फरक पडतो, तो दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणजे एका बाजूच्या प्लेटा एकमेकींवर जेमतेम सव्वा फेरा सरकतात. वळायला पाच-सहा सेकंद लागले तर घड्याळाच्या सेकंद काट्याच्या बारा-चौदा पट एवढाच तो वेग. जबरदस्त दाब आणि अगदी मंद सरकणं. इतक्या मंद गतीला प्लेटांमध्ये ऑइलचा जाड थर तयारच होत नाही, धातू धातूच्या जवळजवळ टेकलेला असतो आणि मध्ये फक्त काही रेणूंचा पापुद्रा.

जड कपाट ढकलताना काय होतं? हलेपर्यंत खूप जोर लावावा लागतो, एकदा हललं की कमी जोरात सरकत राहतं. थांबलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण हे सरकणाऱ्यांपेक्षा जास्त असतं, शाळेत शिकलेलं आहे हे. प्लेटांमध्येही तसंच. चिकटल्या, जोर साठला, सुटल्या, जोर संपला, परत चिकटल्या, परत सुटल्या, असं सेकंदाला कितीतरी वेळा. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की कर्रर्र करून अंगावर काटा आणतो ना, त्यात आणि यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. गाडीत ते पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच बाहेर पडताना जाणवतं, मागून कुंथल्यासारखा घर्रर्र आवाज, सीटखाली थरथर, कधी मागचं चाक ठेचकाळल्यासारखं वाटतं. इंग्रजीत त्याला चॅटर म्हणतात, आपल्याकडेही मेकॅनिक तोच शब्द वापरतात.

यावरचा इलाज म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर. नाव भारी आहे पण काम सोपं. हे लांब शेपटीचे रेणू असतात, डोकं धातूला चिकटतं आणि शेपटी बाहेर उभी राहते, ब्रशच्या केसांसारखी, लाखो रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की धातूवर मऊ लव तयार होते. दोन प्लेटा टेकल्या तरी लव लवेला टेकते. त्यामुळे थांबलेल्या अवस्थेतलं घर्षण खाली येतं, सरकतानाच्या घर्षणाच्या बरोबरीला किंवा त्याहून खाली. कपाट पहिल्यापासूनच सारख्या जोरात सरकायला लागलं असं समजा. चिकटणं-सुटणं थांबलं की आवाजही थांबला. घर्षण राहतंच, राहायलाच हवं, नाहीतर एलएसडी कशाच्या जोरावर काम करणार, फक्त त्याचा स्वभाव सरळ होतो.

(पूर्वी या कामाला स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या ऑइलमध्ये आणि लिमिटेड स्लिपच्या ऑइलमध्ये. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलच्या उत्पादनांवर बंदी आली आणि केमिस्ट लोकांना त्याला पर्याय शोधावा लागला. एका गाडीच्या मागच्या ॲक्सलसाठी एवढा प्राणी मारत होतो हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.)

आता ऑइलचं दुसरं काम, जे प्लेटांइतकंच महत्त्वाचं आहे. डिफमध्ये क्राउन, म्हणजे मोठा गोल गिअर, आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन असतात. पॅकार्डने १९२६ मध्ये हायपॉइड गिअर आणले तेव्हापासून बहुतेक मागच्या ॲक्सलमध्ये पिनियन हा क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवतात, त्याने प्रोपेलर शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा फ्लोअर खाली आणता येतो. पण त्याची किंमत ही की दाते एकमेकांवर नुसते गोल फिरून जात नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरत जातात. साधं ऑइल तिथे पिळून बाहेर फेकलं जातं. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरस असलेली ईपी, म्हणजे प्रचंड दाबासाठीची, ॲडिटिव्ह टाकतात, गरम झालेल्या दात्याच्या टोकावर ती लोखंडाशी रासायनिक क्रिया करून एक बळी जाणारा थर बनवतात, थर झिजतो, दाता वाचतो, परत नवा थर. गिअर ऑइलचा तो नाकात बसणारा वास या गंधकाचाच, हाताला लागला तर साबणाने दोनदा धुतला तरी संध्याकाळपर्यंत येत राहतो.

इथे एक ओढाताण आहे. ईपी ॲडिटिव्हला धातूचा पृष्ठभाग हवा आणि फ्रिक्शन मॉडिफायरलाही तोच पृष्ठभाग हवा. दोघं एकाच जागेसाठी भांडतात. गिअर वाचले पाहिजेत आणि प्लेटा कुंथल्या नाही पाहिजेत, असा तोल साधणं ही ऑइल बनवणाऱ्याची खरी कारागिरी. आणि म्हणूनच आपण घरी बसून दहा बाटल्या एकत्र करू नयेत.

मग सिंथेटिक कुठे आलं या सगळ्यात? ऑइलची बाटली म्हणजे दोन गोष्टी, बेस ऑइल आणि ॲडिटिव्ह. सिंथेटिक किंवा मिनरल हा शब्द फक्त बेस ऑइलबद्दल बोलतो. मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं, त्यात लहानमोठे सगळ्या आकाराचे रेणू असतात, थोडं मेणही. सिंथेटिकमध्ये पीएओ म्हणजे छोट्या रेणूंपासून जोडून तयार केलेले हवे तसे एकसारखे रेणू, किंवा एस्टर, आणि बऱ्याच ठिकाणी खूप जास्त प्रक्रिया केलेलं ग्रुप थ्री ऑइलही सिंथेटिक म्हणूनच विकतात. रेणू एकसारखे असल्याने थंडीत सहज गोठत नाही, गरमीत फार पातळ होत नाही, आणि उष्णतेने लवकर सडत नाही.

थंडीतलं उदाहरण घ्या. ग्रेडमधला ७५डब्ल्यू हा आकडा सांगतो की उणे ४० डिग्रीलाही त्या ऑइलची जाडी एका ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. ८०डब्ल्यूसाठी हीच मर्यादा उणे २६ ला, आणि ८५डब्ल्यूसाठी उणे १२ ला. मर्यादा तीच, फक्त तापमान वेगळं. म्हणून ७५डब्ल्यू-९० बहुतेक करून सिंथेटिकच असतं, साध्या मिनरलला तिथवर पोचणं जड जातं. आणि गरमीचं म्हणाल तर जाणकारांचा ढोबळ हिशोब असा की दर १० डिग्री तापमान वाढलं की ऑइल सडण्याचा वेग दुप्पट होतो. प्लेटवालं एलएसडी घासून स्वतःच उष्णता तयार करतं, वर ट्रेलर ओढणं किंवा ट्रॅकवर पळवणं असेल तर डिफमधलं लिटर-दीड लिटर ऑइल चांगलंच तापतं, कारण त्याला थंड करायला वेगळी काही सोय नसते, फक्त खालून जाणारी हवा. अशा जागी सिंथेटिक खरोखर उपयोगाचं आहे, हे मी मनापासून सांगतो.

मग "सिंथेटिकने प्लेटा घसरतात" हे आलं कुठून? यात थोडं सत्य आहे, पण ते भलत्या जागी लावलंय. गिअरचे दाते वेगाने एकमेकांवर घसरतात तिथे मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि त्या थराला कापत जायला लागणारा जोर पीएओमध्ये मिनरलपेक्षा थोडा कमी असतो. त्यामुळे गिअर थोडे कमी तापतात. पण वर बघितलं तसं प्लेटा इतक्या मंद सरकतात की तिथे ऑइलचा थर नसतोच, तिथे राज्य असतं पृष्ठभागावर चिकटलेल्या ॲडिटिव्हचं. बेस ऑइल कुठलं याने तिथे फारसा फरक पडत नाही.

आणि खरी गंमत तर पुढे आहे. लिमिटेड स्लिपचं ॲडिटिव्ह नसलेलं सिंथेटिक तुम्ही प्लेटवाल्या डिफमध्ये ओतलंत तर काय होतं? प्लेटा घसरत नाहीत, उलट जास्त चिकटतात आणि गाडी कुंथायला लागते! म्हणजे लोक ज्याची भीती घालतात त्याच्या बरोबर उलटं. तेच साधं मिनरल ओतलं तरी तेच होईल.

माझ्याबाबतीत झालंही तसंच. एका वर्कशॉपमध्ये मागच्या डिफचं ऑइल बदलून घेतलं, मिनरल, ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, ग्रेडमध्ये काही चूक नव्हती, मीही सिंथेटिक नको म्हणून मुद्दाम तेच मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि मागून असा आवाज आला की मी घाबरून खाली उतरून चाकाखाली काही अडकलंय का बघितलं. काही नव्हतं. सरळ रस्त्यावर चिडीचूप, वळलं की घर्रर्र. पंधरा दिवस बेअरिंग गेलं, क्राउन गेला, एकेकाचं ऐकत बसलो. शेवटी बाटली शोधून तिचं लेबल वाचलं तर त्यावर लिमिटेड स्लिपचा कुठे उल्लेखच नाही. ते काढून सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०, ज्यावर एलएस लिहिलेलं होतं, ते भरलं. पहिल्या दोन-तीन वळणांना थोडी कुरकुर झाली आणि मग थरथर गेली ती गेलीच. एलएसडी घसरलं का? अजिबात नाही, एक चाक ओल्या गवतावर असतानाही गाडी पूर्वीसारखीच निघते.

म्हणून लेबल वाचायला शिका. जीएल-५ हा एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जा आहे, तो हायपॉइड गिअर वाचवायची हमी देतो, लिमिटेड स्लिपच्या प्लेटांबद्दल तो काहीही बोलत नाही. जीएल-५ लिहिलंय म्हणजे एलएसडीला चालेल असं नाही. त्यासाठी वेगळं एलएस किंवा लिमिटेड स्लिपला योग्य असं लिहिलेलं हवं, किंवा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा स्पेसिफिकेशन नंबर. आणि तेच जीएल-५ उरलंय म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळा, तिथे पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगा असतात आणि जीएल-५ मधली जास्तीची ईपी ॲडिटिव्ह काही वेळा त्यांना त्रास देतात, म्हणून बरेच गिअरबॉक्स जीएल-४ मागतात.

जाडीच्या आकड्यांवरूनही फार गैरसमज आहे. इंजिन ऑइल ४०, गिअर ऑइल ९०, म्हणजे गिअरचं दुपटीहून दाट असं वाटतं. तसं नाही, दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० ग्रेडचं गिअर ऑइल १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्सच्या (दाटपणाचं एकक) मध्ये असतं, आणि इंजिन ऑइलची ४० ग्रेड १२.५ ते १६.३. जवळजवळ एकच. १४० ग्रेड मात्र खरंच दाट, २४ च्या वर. काही कंपन्या ओझं ओढणाऱ्या गाड्यांना ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिकच सांगतात, ते त्यांनी विचार करूनच सांगितलेलं असतं. पण मॅन्युअलमध्ये ९० असताना "दाट म्हणजे दणकट" म्हणून १४० टाकलं तर गिअर ते घुसळत बसतात, जास्त ताकद खातात आणि त्यातूनच उष्णता होते.

आता बाकीच्या प्रकारांबद्दल, ते पटकन संपतं. हेलिकल किंवा टॉर्सन असेल तर त्यात कुंथणाऱ्या क्लच प्लेटांची चवड नसते, गिअर स्वतःच डब्याच्या भिंतीला आणि एकमेकांना दाबून घर्षण तयार करतात, आणि तेच घर्षण टॉर्क एका बाजूकडून दुसरीकडे पाठवतं. इथे फ्रिक्शन मॉडिफायरची गरजच नाही, उलट काही बनवणारे स्पष्ट सांगतात की टाकू नका, कारण ज्या घर्षणावर सगळं चाललंय तेच आपण कमी करतोय. साधं चांगलं जीएल-५, सिंथेटिक असेल तर उत्तम. व्हिस्कसमध्ये काम करणारं सिलिकॉन सीलबंद डब्यात असतं, बाहेरचं गिअर ऑइल फक्त गिअर आणि बेअरिंगसाठी, ते सिंथेटिक असो की मिनरल, लॉक होण्यात फरक पडणार नाही, आणि व्हिस्कस दमलं असेल तर कुठलंही ऑइल त्याला बरं करत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाल्या नव्या डिफमध्ये कधी क्लचसाठी वेगळं ऑइल आणि गिअरसाठी वेगळं असतं, दोन वेगवेगळे प्लग असतात, तिथे मॅन्युअल उघडल्याशिवाय हात लावू नका.

प्लेटवाल्याला एक पर्याय असा की साधं जीएल-५ भरायचं आणि फ्रिक्शन मॉडिफायरची छोटी बाटली वेगळी टाकायची, बाजारात मिळणारी नेहमीची बाटली ११८ मिलीची, म्हणजे ४ औंसांची. हे चालतं, काही कंपन्या असंच सांगतात. पण ऑइलमध्ये आधीच ते मिसळलेलं असेल तर वर आणखी बाटली ओतू नका. जास्त झालं तर इथे मात्र खरोखर प्लेटा घसरतात, एलएसडी ढिलं पडतं, आणि जास्तीचं काढून घेता येत नाही, सगळं ऑइल बदलावं लागतं. "सिंथेटिकने घसरलं" म्हणणाऱ्या काही जणांचं प्रत्यक्षात हेच झालेलं असावं असा माझा अंदाज आहे, सिंथेटिक एलएस भरलं आणि मेकॅनिकने सवयीने वरून बाटलीही ओतली. एलएस ऑइल भरूनही कुरकुर येत असेल तर आधी खाली सांगतो ते आठचे फेरे मारा, तरी राहिली तर बाटलीचा चौथा हिस्सा टाका, काही दिवस चालवा, मग पुढचं बघा.

स्वतः बदलणार असाल तर सगळ्यात आधी वरचा, भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. खालचा उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा गंजून जाम झालेला निघाला तर गाडी तिथेच बसली. गाडी थोडी फिरवून आणा म्हणजे ऑइल कोमट होऊन नीट उतरतं. खालच्या प्लगला बहुतेक वेळा लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी रंगाचं मऊ काजळासारखं काही बसलेलं असेल तर घाबरू नका, बोटाने चोळून बघा, गुळगुळीत लागलं तर ती रोजची झीज. बोटाला टोचणारे चमकदार तुकडे किंवा दात्याचा टवका निघाला तर मात्र ऑइलचा विषय सोडून डिफ उघडायचा विषय आला. प्लेटवाल्याचं ऑइल ओपन डिफपेक्षा लवकर काळं पडतं, प्लेटांचं मटेरियल त्यात उतरतं. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. तेव्हा वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं नळकांडं, चोंदलंय का तेही बघाच. तो बंद असला की गरम झाल्यावर आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं, आणि लोक म्हणतात सिंथेटिकने सील गळायला लागलं. सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिकने सील आकसायची हे खरं आहे, पण आता त्यात एस्टर वगैरे घालून सील योग्य प्रमाणात फुगलेलं राहील अशी काळजी घेतात.

भरताना गाडी सपाट हवी, आणि वरच्या भोकातून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरायचं, बस.

एक गोष्ट जीवाची आहे म्हणून वेगळी सांगतो. ओपन डिफवाली गाडी एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवून बघायची सवय काही जणांना असते. एलएसडी असलेल्या गाडीत हे कधीही करू नका. उचललेलं चाक फिरायला लागलं की जमिनीवरच्या चाकालाही जोर जातो आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे येते. दोन्ही मागची चाकं स्टँडवर हवीत, आणि इंजिन बंद ठेवून हाताने फिरवलेलं सगळ्यात बरं. हाताने फिरवताना प्रकारही कळतो, गिअर न्यूट्रलला ठेवून एक चाक फिरवलं आणि दुसरं त्याच दिशेने फिरलं तर प्लेटवालं असण्याची शक्यता जास्त, उलट दिशेने फिरलं तर ओपन किंवा साधं टॉर्सन, किंवा मग पार झिजलेल्या प्लेटा.

नवं ऑइल भरल्यावर लगेच मोकळ्या मैदानात जाऊन हळूहळू इंग्रजी आठचा आकडा काढत दहा-बारा फेरे मारा. सरळ चालवून नवं ऑइल प्लेटांच्या मध्ये शिरत नाही, त्या एकमेकींवर सरकल्या तरच जुनं बाहेर येतं आणि नवं आत जातं. पाचव्या-सहाव्या आठला कुरकुर कमी होत जाते ते कानाला स्पष्ट कळतं. नवीन किंवा रीबिल्ड केलेलं डिफ असेल तर पहिलं ऑइल लवकर काढा, बरेच गिअर बनवणारे ८०० किलोमीटरच्या आसपास सांगतात, कारण सुरुवातीची सगळी घासणी त्यात येते, आणि तेवढ्यासाठी महागडं सिंथेटिक घालायची गरज नसते, पण एलएसचं ॲडिटिव्ह तेव्हाही हवंच.

त्यानंतर किती दिवसांनी बदलायचं, तर मॅन्युअलमध्ये असेल ते. पण ट्रेलर ओढत असाल, ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी नेली असेल किंवा ट्रॅकवर जात असाल तर त्याच्या आधी. सिंथेटिक बेस जास्त टिकतो म्हणून लोक कालावधी दुप्पट करतात, प्लेटवाल्यात ते मला पटत नाही, कारण बेस ऑइल ठणठणीत असलं तरी फ्रिक्शन मॉडिफायर आधी संपतो आणि प्लेटांचा चुरा तर फिरतच असतो. दोन वर्षं शांत असलेली गाडी एखाद्या दिवशी पार्किंगच्या वळणावर परत बारीक कुंथली की ती हेच सांगत असते, आणि ते ऐकून बहुतेक वेळा नुसतं ऑइल बदललं तरी काम होतं, प्लेटांना हात लावावा लागत नाही.